सोडलेले गणित

माजी विद्यार्थी भेटावयास आला म्हणजे शिक्षकाच्या अंगावर मूठभर मांस चढते, असे म्हणतात. ते खोटे नाही. ज्याला आम्ही एकदा वर्गाबाहेर उभा केला होता, तोच आता चारचाकीतून उतरतो, वाकून नमस्कार करतो आणि "सर, ओळखलंत का?" असे विचारतो. ओळखले नसले तरी आम्ही "वा! न ओळखायला काय झालं?" असे ठोकून देतो. परंतु गेल्या आषाढात जी विद्यार्थिनी आम्हांला भेटून गेली, तिच्या भेटीने आमच्या अंगावरचे असलेले मांसही थोडे उतरले. त्याचीच ही हकीकत आहे. ती आमच्या एका चुकीची आहे, आणि चूक याच शाळेत घडली असल्याने कबुलीही याच शाळेच्या वार्षिकात द्यावी, हे योग्य.

मुलीचे नाव छापू नये, असे तिने आम्हांला बजावले आहे. आम्ही गोवेकर मुलीला लाडाने 'बाय' म्हणतो; तेवढेच नाव येथे पुरे. बाय आमच्या शाळेतून दहावी झाली, पुढे बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाली. १८४२ साली पणजीत निघालेल्या वैद्यकशाळेची वारस असलेली ही संस्था. तिच्यातून पूर्वी बाहेर पडलेले डॉक्टर आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींपर्यंत गेले, हे आम्ही इतिहासाच्या तासाला दर वर्षी सांगतो. बाय तेथे गेल्यापासून त्यात एका वाक्याची भर पडली होती: "आणि आता आपल्या शाळेची मुलगीही तेथे आहे."

तर ती बाय भर पावसात छत्री निथळत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. आम्ही तिला आत बोलावले, चहा सांगितला, आणि दहावीच्या वर्गापुढे तिचे चार शब्द व्हावेत म्हणून फळ्यावर काय लिहावे याचा मनात विचारही सुरू केला. चहा संपवून तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "सर, मला गणित शिकायचं आहे."

थट्टा असेल असे वाटून आम्ही हसलो. ती हसली नाही.

इंटर्नशिपच्या वर्षात तिला काही आठवडे खेड्यातील एका आरोग्यकेंद्रात काढावे लागले. तेथे प्रसूतीच्या खोलीत नवजात बाळांना ऊब देणारे एक यंत्र होते. खाटेच्या वर उष्णता देणारी कांब, आणि बाळाच्या पोटावर चिकटवायची एक बारीक तार, अशी त्याची रचना. तारेच्या टोकाशी असलेला इवलासा मापक बाळाच्या त्वचेचे तापमान मोजतो आणि त्या मानाने वरची कांब कमीजास्त तापते. हा मापक सुटला तर बाळ गार पडले असे यंत्र समजते आणि अधिकच तापू लागते. म्हणून या एवढ्याशा तारेवर सगळे अवलंबून. तेथील यंत्राची नेमकी तीच तार निकामी झाली होती. यंत्रावर चादर घातलेली होती आणि चादरीवर 'नादुरुस्त' असा कागद टाचलेला होता.

एके रात्री तेथे दिवस पुरे होण्यापूर्वीच एक बाळ जन्माला आले. वजन दोन किलोलाही कमी. हातपाय गार पडू लागले. तेथील जुन्या परिचारिकेने क्षणाचाही विलंब न लावता बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवले, वरून लुगडे गुंडाळले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दोघांना तसेच धरून ठेवले. कांगारूच्या पिलासारखे बाळ उराशी बांधण्याची ही रीत १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉक्टरांनी रूढ केली. तेथेही ऊब देणारी यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणूनच ती सुचली. बाळ वाचले. पुढे तीन आठवड्यांनी यंत्र दुरुस्त करणारा कारागीर आला आणि दहा मिनिटांत नवी तार बसवून निघून गेला.

"सर," बाय म्हणाली, "बाळाच्या पोटात काय काय असतं ते मी साडेचार वर्षं शिकले. यंत्राच्या पोटात काय असतं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्या रात्री माझ्यापेक्षा सिस्टरना जास्त समजत होतं. मला आता ते शिकायचं आहे."

जे तिला शिकावयाचे होते, त्याला जीववैद्यकीय अभियांत्रिकी म्हणतात. शरीराचे शास्त्र आणि यंत्राचे शास्त्र जेथे एकमेकांस भेटतात, तेथे हा विषय उभा आहे. कृत्रिम सांधे, हृदयाची झडप, मूत्रपिंडाचे काम करणारे यंत्र, शरीराच्या आतली चित्रे काढणारी साधने, ही सारी त्याची लेकरे. या विषयाकडे बहुतेक विद्यार्थी अभियांत्रिकीच्या बाजूने येतात. डॉक्टरकीच्या बाजूने येणाऱ्यांस दारे थोडी आहेत, पण आहेत. खरगपूरच्या आय.आय.टी.त २००१ साली यासाठी स्वतंत्र विभाग निघाला, आणि तेथे एम.बी.बी.एस. झालेल्यांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. (हीच ती संस्था, जिचा आरंभ १९५१ साली हिजली येथील जुन्या बंदिशाळेच्या इमारतीत झाला. इंग्रज जेथे क्रांतिकारकांना डांबत, तेथे स्वतंत्र भारताने अभियंते घडविले. इतिहासाच्या शिक्षकाला हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) दुसरा मार्ग 'गेट' या परीक्षेचा. तिच्यात २०२० सालापासून या विषयाची वेगळी प्रश्नपत्रिका असते: ३ तास, ६५ प्रश्न, १०० गुण. शरीररचना आणि शरीरक्रिया यांवरचे प्रश्न बायला पाणी पिण्यासारखे. परंतु तिच्यात विजेची मंडले आहेत, संकेतांचे शास्त्र आहे, मापनाची साधने आहेत; आणि या साऱ्यांच्या मुळाशी गणित आहे.

"आणि गणित तर मी अकरावीपासून सोडलं," बाय म्हणाली. पुढचे वाक्य ती बोलली नाही. ते आमचे आम्हांलाच आठवले.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा नोकरीत नवे होतो आणि म्हणून सल्ले देण्यास फार उत्सुक होतो. दहावीचा निकाल लागला, बायला गणितात नव्वदांवर गुण पडले होते. अकरावीचे विषय निवडावयाचे होते. ती आमच्याकडे आली तेव्हा आम्ही तिला म्हणालो, "डॉक्टर व्हायचंय ना तुला? मग गणित हवं कशाला? सोड. तेवढा वेळ जीवशास्त्राला दे." ती थोडी घुटमळली होती. "सर, पण मला गणित आवडतं," असेही म्हणाली होती. त्यावर आम्ही काय उत्तर दिले, ते लिहिताना संकोच वाटतो. आम्ही म्हणालो, "आवडीनं पोट भरत नाही."

आज खरे सांगावयाचे तर आमचे स्वतःचे गणित कच्चे होते. दहावीला आम्ही त्यात काठावर पास झालो आणि कला शाखेला गेलो तेव्हा तुरुंगातून सुटल्याचा आनंद झाला. जो विषय आमच्या डोक्यात शिरला नाही तो जगात फारसा लागत नसावा, अशी आमच्या मनाने आपली सोय करून घेतली होती. त्या सोयीची किंमत एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीकडून वसूल झाली.

बाय गेली आणि चौथ्या दिवशी तिचे वडील आले. ते सुतारकामातले नावाजलेले मेस्त. आमच्या शाळेची अर्धी बाके त्यांच्या हातची आहेत. दारातूनच ते म्हणाले, "मास्तर, चली पिशी जाल्या. तुमीच तिका समजायात." मुलीला वेड लागले आहे, आता तुम्हीच तिला समजवा. एम.बी.बी.एस. झाली, आता एम.डी.च्या परीक्षेला बसावे, मोठी डॉक्टर व्हावे. ते सोडून ही म्हणते यंत्रे शिकणार. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. ते म्हणाले, "माझ्या बापाच्या हाती रंधा होता, माझ्या हाती रंधा आहे. पोरीच्या हातून हत्यार सुटावं म्हणून मी तिला शिकवलं. आणि ती परत हत्यारच मागते आहे."

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. "दोन दिवसांनी मीच तुमच्याकडे येतो," एवढे बोलून आम्ही वेळ मारून नेली.

ते दोन दिवस आम्ही वाचनात घालविले. कला शाखेच्या पदवीधराला यंत्रांविषयी वाचताना जे होते ते आमचेही झाले. चार ओळी समजत आणि पाचवीला अडत. परंतु त्यातली माणसांची गोष्ट आम्हांला समजत होती. रुग्ण ज्याच्यापुढे असतो त्याला यंत्र येत नाही, आणि यंत्र ज्याला येते त्याच्यापुढे रुग्ण नसतो. या दोघांची गाठ जेथे पडली तेथे काहीतरी घडले, असे पुन्हा पुन्हा दिसत होते.

तिरुवनंतपुरमचे डॉक्टर एम. एस. वलियाथन हे हृदयाचे शल्यविशारद. परदेशी झडपा आपल्या रुग्णांना परवडत नाहीत, म्हणून श्रीचित्रा संस्थेत अभियंत्यांना सोबत घेऊन त्यांनी देशी झडप करावयास घेतली. पहिली रचना टाकून द्यावी लागली. दुसरी टाकून द्यावी लागली. तिसरीही. अनेक वर्षांनी चौथी रचना टिकली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम माणसाच्या हृदयात बसली.

दुसरी गोष्ट आपणां सर्वांच्या बोटाजवळची. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, रक्तातला प्राणवायू मोजणारी चिमट्यासारखी डबी घरोघर आली. तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश ती बोटातून पाठविते. प्राणवायूने भरलेले रक्त आणि रिते रक्त हे दोन प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. त्यावरून आकडा निघतो. ही युक्ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७०च्या दशकात शोधली. परंतु २०२० साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एक तपासणी प्रसिद्ध केली. रक्तातला प्राणवायू घातक इतका कमी असूनही डबी तो ठीक दाखविते, असे कृष्णवर्णी रुग्णांच्या बाबतीत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होते. कातडीचा रंग आड येत होता. आमच्यासारख्या सावळ्या लोकांच्या देशात हे वाचून कोण स्वस्थ बसेल? त्या डबीत दोष असल्याचे ओळखण्यास डॉक्टर हवा, आणि तो दूर करण्यास अभियंता. हे दोघे एकाच देहात नांदले तर किती बरे होईल!

परंतु मेस्तांकडे जाताना आम्ही यांपैकी एकही गोष्ट नेली नाही. आम्ही जयपूरची गोष्ट नेली.

मेस्त शेडमध्ये दाराची चौकट जुळवीत होते. आम्ही लाकडाच्या ओंडक्यावर बसलो आणि सांगू लागलो. जयपूरला डॉक्टर प्रमोद करण सेठी नावाचे अस्थिशल्यविशारद होते. पाय गमावलेल्यांना परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय मिळत, पण आपला माणूस ते वापरीत नसे. त्या पायाला बूट लागे. तो घालून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. डॉक्टरांना पायाची सारी हाडे ठाऊक होती, परंतु पाय घडविता येत नव्हता. तो घडविला रामचंद्र शर्मा नावाच्या, फारशी शाळा न शिकलेल्या कारागिराने. १९६८ साली दोघांच्या मेहनतीने जो पाय तयार झाला, तो घालून शेतकरी अनवाणी शेतात जाऊ लागला. १९८१ साली डॉक्टर सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तो पाय 'जयपूर फूट' म्हणून जगभर गेला.

मेस्तांचा हात थांबला होता. त्यांनी पुरस्काराविषयी काही विचारले नाही. ते म्हणाले, "पाय कशाचा केला?"

"टाच आणि चवडा रबराचा. घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा. वरून सगळ्याला रबर चढवून साच्यात भाजायचं."

"लाकूड कसलं?"

हे आम्हांला ठाऊक नव्हते. मेस्तांनी ओठ मुडपले. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले की लाकूड हलके हवे, पण खिळा धरणारे हवे. भार सगळा तेथेच येणार. थोडा वेळ ते तसेच बसले. आम्हीही गप्प राहिलो. शेवटी आम्ही म्हणालो, "मेस्त, एक गोष्ट तुम्हांला सांगायला हवी. तिचं गणित मीच सोडवलं. आता तिला दोष देऊ नका."

त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिले. "एक वरस," ते म्हणाले, "एक वरस मी तिला काही विचारणार नाही. पुढचं पुढे." आणि त्यांनी रंधा उचलला. हा होकार होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या दिवसानंतर घरात वाद झाला नाही, असे बाय सांगते.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, दहावीच्या रिकाम्या वर्गात गणिताचा तास सुरू झाला. आमचे गणिताचे सहकारी विनामोबदला शिकवू लागले. डॉक्टर झालेली बाय पुढच्या बाकावर बसे. आणि वाचकहो, हसू नका, मागच्या बाकावर आम्ही बसत होतो. प्रायश्चित्त म्हणून बसलो होतो; पण चार शनिवारांनंतर प्रायश्चित्त विसरून गेलो.

एका शनिवारी सहकाऱ्यांनी फळ्यावर एक लाटेसारखी रेषा काढली. अशा साध्या साध्या लाटा एकमेकींत मिसळल्या तर हवी तशी वेडीवाकडी रेषा तयार करता येते, असे त्यांनी सांगितले आणि दोन लाटांची बेरीज करून दाखविली. बाय एकदम उठली, खडू घेतला आणि शेजारी हृदयाच्या विद्युत्-आलेखाची ती ओळखीची, एकच उंच टोक असलेली रेषा काढली. "म्हणजे हीसुद्धा?" तिने विचारले. "हीसुद्धा," सहकारी म्हणाले. १८२२ साली फूरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात ही कल्पना मांडली होती, असे ते पुढे बोलले. उष्णतेवर, हे ऐकून बाय क्षणभर थांबली. चादरीखालचे ते यंत्र तिला आठवले असावे. हृदयाच्या ठोक्यात शिरलेली विजेची घरघर यंत्र कशी गाळून टाकते, हे त्या दिवशी तिला समजले. आणि नवल असे, की थोडेसे आम्हांलाही समजले. आमच्या लहानपणी कुणी फळ्यावर हृदय काढून गणित शिकविले असते तर, असा विचार मनात आला. परंतु तो विचार आम्ही फार वाढविला नाही. कारण आमच्या वर्गात बसलेल्या मुलांनाही मराठीविषयी आणि इतिहासाविषयी हेच म्हणावेसे वाटत असेल.

एका संस्थेच्या अर्जासोबत, हा अभ्यास का करावयाचा आहे हे सांगणारे पत्र जोडावयाचे होते. बायने इंग्रजीत लिहून आणलेला मसुदा आम्ही वाचला. मानवजातीची सेवा, विज्ञानाची प्रगती, देशाचे भवितव्य. सगळे मोठमोठे शब्द, आणि त्यांत बाय कोठेच नव्हती. आम्ही म्हणालो, "आधी कोकणीत सांग. मग मराठीत लिही. इंग्रजी शेवटी." तिने सांगितले ते त्या चादरीविषयी, त्या कागदाविषयी, आईच्या लुगड्याविषयी आणि तीन आठवड्यांनंतरच्या दहा मिनिटांविषयी. पत्र एका पानाचे झाले. गणित शिकविणे आमच्या हातचे नव्हते, हे होते.

परीक्षा फेब्रुवारीत झाली. हे लिहून छापखान्यात देईपर्यंत निकाल लागलेला नाही. आदल्या रात्री ती म्हणाली होती, "सर, नाही झालं तर?" पूर्वीचे आम्ही असतो तर "होणारच" असे छातीठोकपणे सांगून मोकळे झालो असतो. आम्ही म्हणालो, "नाही झालं तर पुन्हा बसायचं, की एम.डी. करायची, हे तू ठरव. शनिवारचा वर्ग मात्र चालू राहील."

तो वर्ग अजूनही चालू आहे. आता त्यात अकरावीला जाणारी तीन मुलेही येऊन बसतात. जूनमध्ये विषय निवडण्याची वेळ आली म्हणजे ती आम्हांला विचारावयास येतील. त्यांना कोणता विषय घ्यावा हे आम्ही सांगू, परंतु कोणता सोडावा हे सांगण्यापूर्वी, "तुला तो आवडतो का?" एवढे विचारू, आणि उत्तर येईपर्यंत थांबू.